एकच फेरी

शाळेतली मुलं तिला बसकाकू म्हणायची, आणि त्यांचं ऐकून शिक्षकही. बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. मागच्या सीटवर कोण कोणाचे केस ओढतंय हे तिला आरशात दिसायचं, आणि ती नुसती घसा खाकरली की बस चिडीचूप व्हायची.

एका सकाळी मुलांना उतरवून घेणारी ताई रजेवर होती. काकूनं एकटीनंच मुलं उतरवली, बस आवारात लावली, कुलूप घातलं आणि ती चहाला गेली. चष्मा राहिला म्हणून दहा मिनिटांनी परत आली, तर शेवटच्या सीटवर पहिलीतली एक मुलगी दप्तर उशाला घेऊन गाढ झोपलेली. मुलीला उठवलं तर तिनं एवढंच विचारलं, "शाळा आली?"

काकूनं स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. शाळेनं लेखी समज दिली. मुलीची आई आधी रडली, मग निदान तुम्ही लपवलं नाहीत म्हणाली. सगळ्यांनी विषय सोडला. काकूनं काही सोडला नाही. चष्मा विसरले नसते तर? हा प्रश्न तिच्या मानगुटीवरच बसला. बस लावली की ती सीटा तपासायची. आधी दोनदा, मग पाचदा, मग अकरा वेळा. घरी पोचून चपला काढल्या की पुन्हा घालून निघायची.

तिचा नवरा छापखान्यात कामाला. सुरुवातीला तो चेष्टा करायचा, मग चेष्टा थांबली. त्याच्याकडे एका समुपदेशक बाईंची पत्रकं छापायला आली होती. तीस वर्षांचा अनुभव, व्हिडिओवर भेटता येईल, असं त्यावर होतं. त्यातलं एक त्यानं तिच्या डब्याखाली ठेवलं.

"मला काय वेड लागलंय?" तिनं विचारलं.

"चाक पंक्चर झालं की तू गॅरेजला नेतेस. तेव्हा बसला वेड लागलेलं असतं का?"

भेटी दर बुधवारी दुपारी ठरल्या, त्याही बसमध्येच. कारण घरी ती फोन घेऊन आत गेली की सासूबाई टीव्हीचा आवाज हळूच कमी करायच्या. स्टीअरिंगला टेकवलेल्या फोनवर बाई दिसायच्या: आखूड पांढरे केस, कानामागे पेन्सिल. विसरून जा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पहिल्या फेरीत काय सापडतं? काकू म्हणाली, पाण्याच्या बाटल्या, मोजे, एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"आणि दुसऱ्या फेरीत?"

काकूनं आरशातून मागच्या रिकाम्या सीटांकडे पाहिलं. "दुसऱ्या फेरीत कधीच काही सापडलं नाही," ती म्हणाली.

मग बाईंनी काम दिलं. फेरी एकच, पण सावकाश. प्रत्येक सीटवर हात ठेवायचा, खाली वाकून बघायचं. मग कुलूप लावून किल्ली वॉचमनकडे द्यायची आणि बाकावर बसून राहायचं. भीती येईल, तिला येऊ द्यायचं. ती आपोआप ओसरते की नाही, ते दोघींनी मिळून बघायचं.

पहिल्या दिवशी काकू फोन हातात धरून बाकावर बसली. दहापैकी किती भीती, असं बाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या. नऊ. नऊच. आठ. तेवढ्यात बाईंना शिंक आली आणि नेमकं नेटवर्क गेलं. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, पेन्सिल हवेत, अशा बाई पडद्यावर थिजून राहिल्या. काकूनं पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. वॉचमन बघायला आला, तर तोही हसत सुटला.

नेटवर्क आलं. बाईंनी नाक पुसत विचारलं, "आता किती?"

"तीन," काकू डोळे पुसत म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

सगळ्या बुधवारी काही शिंक मदतीला आली नाही. एकदा ती वॉचमनशी भांडून किल्ली परत घेऊन आली आणि पुढच्या भेटीत तोंड पाडून बसली. बाई म्हणाल्या, चालायचंच, उद्या पुन्हा एकच फेरी. चौथ्या महिन्यात मात्र किल्ली देऊन ती सरळ घरी गेली आणि भाजी चिरता चिरता तिच्या लक्षात आलं, की आज बस आठवलीच नाही. ते सांगायला तिनं बुधवारपर्यंत कशीबशी कळ काढली. बाई इतक्या खूश झाल्या, की खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

सीटा तपासण्यात जाणारा संध्याकाळचा दीड तास आता मोकळा झाला होता. त्याचं काय करायचं, असं नवऱ्यानं विचारलं. मला सायकल शिकायचीय, ती म्हणाली. चाळीस मुलांची बस चालवणाऱ्या बाईला दोन चाकं आवरत नव्हती, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. आता रोज शाळेच्या मैदानावर नवरा मागून सीट धरून धावतो आणि सासूबाई बाकावर बसून सूचना देतात. परवा त्यानं न सांगता हात सोडला. काकू अर्धं मैदान एकटीच गेली, मग तिनं मागे वळून पाहिलं आणि मेंदीच्या कुंपणात जाऊन पडली. नवरा धावत पोचला, तर ती तिथंच पाय पसरून बसली होती. केसांत पानं अडकलेली, हसून हसून दम लागलेला. सासूबाई लांबून ओरडल्या, "ब्रेक कोणासाठी ठेवलाय गं?"