म्यान माझ्याकडे, खुकरी तुझ्याकडे

माझ्या बापाने मला फसवलं आणि धाकटा भाऊ सुधाकर त्यात सामील होता. हे आधी लिहितो, बाकीचं मागून.

२००१ साली घर सोडलं, तेव्हा नागपूर स्टेशनवर बाबांनी कापडात शिवलेलं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं. "खुकरी आहे. मोठ्या बॅगेत तळाशी टाक. विमानात जवळ घेऊन बसलास तर आत टाकतील तुला." आई रडत होती. बाबा गाडीच्या चाकांकडे बघत होते.

बाबा ट्रक चालवायचे, नेपाळच्या सीमेपर्यंत. एकदा ट्रकच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा तुटला. तो मोडका पाटा त्यांनी पलीकडच्या पहाडातल्या लोहाराकडे नेला आणि त्याची खुकरी घडवून घेतली. काळपट, हातोडीचे घाव दिसणारी. तिने आमच्याकडे बाभळीची लाकडं फोडली, बोकडाची हाडं तोडली, शेजारच्या काकूंचं अडकलेलं दारसुद्धा उचकटलं. बाबांचा नियम एकच होता : "काम नसताना उपसायची नाही. रुसते ती."

इकडे परदेशात, प्लेनो शहरात, तिला कामच नव्हतं. इथे मटण तुकडे करून मिळतं आणि बटण दाबलं की फायरप्लेस पेटते. ती म्यानासकट हॉलच्या भिंतीवर लटकली. पाहुणे म्हणायचे, "काढून दाखव ना यार." मी बाबांचा नियम ऐकवायचो. मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. समोरच्याने बॉनेट उघडायच्या आत खोट ओळखतो, भाव पाडतो, भांडतो. पण बापाने दिलेली वस्तू कोण तपासतं?

बाबा गेले तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकले होते. जाता आलं नाही. सुधाकरने घाटावर फोन धरला, मी ड्राइव्हवेमध्ये उभा राहून चितेची लाकडं तडतडताना ऐकली.

पुढच्या हिवाळ्यात बर्फाळ पाऊस झाला आणि ओकची फांदी मोडून त्याच ड्राइव्हवेवर पडली. मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल द ट्री गाय!" म्हटलं, बघ आता आजोबांची खुकरी. इतक्या वर्षांनी उपसली. पातं आरशासारखं चकचकीत. तिसऱ्या घावात धार मुडपली आणि मूठ हातात खुळखुळली. प्रवाशांना विकतात तसली शोभेची वस्तू. म्यान मात्र अस्सल, बाबांच्या घामाने काळं पडलेलं.

तिथूनच फोन लावला. "सुधाकर, खरी कुठे आहे?"

त्याने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दादा, इथेच आहे. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलीय."

"बदलली कोणी?"

"बाबांनीच. तुझा व्हिसा आला ना, त्यानंतरच्या फेरीत सीमेवरच्या बाजारातून दुसरी आणली. मूठ जुळेना म्हणून तीन दुकानं पालथी घातली म्हणे. मला शपथ घातली होती रे."

म्हणजे तिकीट निघायच्या आधीच ठरलं होतं. आता आठवतं, फोनवर बाबा गाडीचं विचारायचे, थंडीचं विचारायचे. खुकरीचं एकदाही नाही. विकणारा जे टाळतो तिथेच खोट असते, हे मी रोज बघतो आणि बापाच्या वेळी मला ते ऐकू आलं नाही.

मुलीला घर म्हणजे हे, तिची खोली, तिची शाळा. मला विचाराल तर माझं घर म्हणजे आता रिकामं म्यान आहे. ते मी परत भिंतीवर लावलंय.

सुधाकर, दिवाळीला येतोय. म्यान घेऊन येतो, तू लुगडं सोडून ठेव. आणि जेवायच्या आधी एक सांगायचं. बाबांनी खरी खुकरी मी परत यावं म्हणून ठेवून घेतली, की मी गेलोच असं धरून? त्यांना आता विचारता येत नाही. शपथ तू घेतलीस, तर उत्तरही तूच दे. आईसमोर दे.