वाट सोडून चाळीस पावलं

सहावा माणूस कमी पडत होता म्हणून मी गेलो. रोह्यापुढच्या डोंगरातल्या अभयारण्यात नव्या वाटाड्याची चाचणी घ्यायची तर गटात किमान सहा पर्यटक लागतात, असा तिथला नियम. पेणला माझ्या शेजारी राहणारा गृहस्थ धाटावच्या एका रासायनिक कंपनीत ऑपरेटर आहे. त्याच्या हाताखालच्या एका कामगाराची बायको ही चाचणी देणार होती. शेजाऱ्याने शिफ्टमधले चार जण गोळा केले, पाचवा तो स्वतः. "तुम्ही नुसतं चालायचं," त्याने मला बजावलं. "बातमी नाय करायची." वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. वही मात्र खिशात होती.

पेणहून सकाळची गाडी, रोह्याहून जीप. गावात पोहोचलो तेव्हा ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. भात झोडून झालं होतं आणि त्याच शेतात वाल घोट्याएवढे उगवले होते. वाटाडी तिशीची असावी. पातळावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, पायात कापडी बूट. तिच्या सासूने चहा दिला आणि सगळ्यांदेखत सुनेला विचारलं, "दुपारपर्यंत येशील ना गो? वालाची बेणणी कोण करील? तण माजलंय."

"येते हो आत्या. वाल काय पळून जात नाय."

चहा पिता पिता तिने आम्हाला परिस्थिती सांगितली. ही तिची दुसरी चाचणी. पहिल्या वेळी कॉलेजची मुलं मिळाली. त्यांनी मोबाइलवर गाणी लावली, दोघं वाट सोडून फोटो काढायला गेले. वनरक्षकाने कागदावर शेरा मारला, 'गट आवरता आला नाही.' या वेळीही तसंच झालं तर पुढच्या सोमवारपासून तिला धाटावला पॅकिंगमध्ये जायचं होतं. कंत्राटदाराशी बोलणं झालेलं होतं.

"ये की गो वहिनी," आमच्यातला फिटर म्हणाला. "बसमध्ये खिडकीची सीट देतो."

"खिडकीतून काय बघू? तुमच्या टाक्या?"

फाटकापाशी वनरक्षक उभा होता. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हातातल्या कागदावर तीन रकाने होते. गट वाटेवर राहिला का, शांत राहिला का, वाटाड्याने माहिती दिली का. जनावर दिसलं की नाही याला रकाना नव्हता. तो सगळ्यांच्या मागून चालणार होता आणि मध्ये बोलणार नव्हता.

पहिल्या दहा मिनिटांतच दुसरा रकाना धोक्यात आला. ही पाचही माणसं वर्षानुवर्षं मोठाल्या ब्लोअरच्या शेजारी उभी राहून काम करणारी. त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि हळू बोलताही येत नाही. वाटाडीने वर बोट करून कुजबुजत सांगितलं, "त्या ऐनावर शेकरूचं घरटं हाय."

"काय हाय?" ऑपरेटर.

"शेकरू! मोठी खार!" फिटरने त्याला समजावलं. पलीकडच्या झाडावरून धनेशाची जोडी पंख वाजवत निघून गेली.

"हळू बोला ना दादा."

"हळूच बोलतोय!"

मागून वनरक्षकाने कागदावर काहीतरी टिपलं. वाटाडीने ते पाहिलं. ती थांबली, मागे आली आणि ऑपरेटरच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "काका, कंपनीत एवढ्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलता कसं?"

"बोलत नाय. हात करतो."

"मंग इथं पण हात करा."

वाटेतच पाच मिनिटांचा वर्ग भरला. मूठ वर म्हणजे बंद, जो जिथं आहे तिथंच. तळवा खाली दाबला की सावकाश. दोन बोटं डोळ्यांकडे नेली की बघ. कंपनीत या खुणा मोटारी आणि झडपांसाठी आहेत. वाटाडीने प्रत्येक खूण दोनदा करून पाहिली. त्यानंतर अर्धा तास आम्ही चाललो. इतक्या शांत गटाबरोबर मी आधी कधी चाललो नव्हतो. ती मूठ वर करायची आणि पाच माणसं बटण दाबल्यासारखी थांबायची. शेकरू आम्हाला दोनदा दिसलं. तांबूस पाठ, फिकं पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट. फिटरने ते पाहून तोंड उघडलं आणि ऑपरेटरने लगेच तळवा दाबून त्याला बंद केलं. मला एकट्याला खुणा पाठ व्हायला वेळ लागला. दोनदा मी 'सावकाश'च्या खुणेवर खाली बसलो.

वाट पुढे पाण्याकडे उतरत होती. अशा पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. वारा समोरून येत होता. उतारावर ऑपरेटर एकदम थांबला. नाक फेंदारलं. मग नाक चिमटीत धरून त्याने दुसरा हात उंच केला.

मला काही कळायच्या आत पाचही जणांनी रुमाल नाकाला लावले होते. नंतर कळलं ते असं. हवेत तीव्र, डोळ्यांत झोंबणारा वास आला होता आणि त्यांच्या नाकांनी त्याला अमोनिया ठरवलं होतं. कंपनीत वायू सुटला की विचारत बसायचं नसतं. आधी वारा कुठून येतो ते बघायचं, वाऱ्याला आडवं निघून वासाच्या पट्ट्याबाहेर पडायचं, मग वारा येतो त्या बाजूला सरकायचं. दर महिन्याच्या कवायतीने हे त्यांच्या पायांत बसलेलं होतं. ते वाट सोडून ओळीने कारवीतून निघाले. धावत नव्हते, ओरडत नव्हते. भरभर चालत होते. मीही त्यांच्या मागे गेलो, कारण एकट्याने मागे राहावं असं त्यांच्या चालण्याकडे पाहून वाटत नव्हतं.

वाटाडी आमच्या बाजूने झाडीतून पळाली. जांभ्या दगडाचा एक उंचवटा होता तिथे ती आमच्या पुढे येऊन उभी राहिली आणि तिने मूठ वर केली.

पाचही जण जागच्या जागी थांबले.

तिने दोन बोटं डोळ्यांकडे नेली. दगडापलीकडे, खाली, काळ्या चिखलाच्या डबक्यात एक सांबर नर लोळत होता. शिंगांना चिखल आणि गवताच्या काड्या अडकल्या होत्या. या दिवसांत नर असाच मुतून मऊ केलेल्या चिखलात अंग माखतो. अमोनिया तो होता. कवायतीप्रमाणे वाऱ्याला वळसा घालून आलेली सहा माणसं त्याच्यापासून तीस हातांवर उभी होती आणि आमचा वास त्याला लागत नव्हता. तो उठला, अंग झाडलं, पुन्हा बसला. कोणीही हललं नाही. मग वाटाडीने तळवा खाली दाबला आणि एकेकाला खांद्याला धरून आल्या पावली परत फिरवलं.

वनरक्षक वाटेवर होता तिथेच उभा होता. त्याला सांबर दिसलं नव्हतं. त्याला फक्त वाट सोडून गेलेला गट दिसला होता.

आम्ही ओळीने फाटकापर्यंत परत आलो. तिथे वनरक्षकाने कागद दगडावर ठेवला. "वाट सोडली?"

"सोडली," वाटाडी म्हणाली. "चाळीस पावलं. येताना मोजली मी."

"साहेब, चूक माझी हाय," ऑपरेटर इतक्या मोठ्याने म्हणाला की फाटकावरचा कावळा उडाला. "वास आला की पाय आपसूक निघतात."

"परीक्षा तुमची नाय." वनरक्षक तिच्याकडे वळला. "हाक का नाय मारलीस?"

"चिखलात नर असणार, वासावरनं कळलं मला. हाक मारली असती तर तो उठला असता, आणि ही माणसं त्याच्या वाटेत. म्हणून म्होरं जाऊन मूठ केली."

"आणि थांबले?"

"बंद म्हटल्यावर थांबणारच," फिटर म्हणाला. "नायतर मेमो मिळतो."

वनरक्षक पहिल्यांदा हसला. मग त्याने पहिल्या रकान्यात 'नाही' लिहिलं, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात 'हो'. खाली शेऱ्याच्या जागी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. वाटाडीने शर्टाच्या बाहीने मान पुसली. त्याने लिहिलं ते मला उलट्या बाजूने वाचता आलं, 'गट आवरता आला.' सही केली आणि कागद तिच्याकडे फिरवला.

तिने तो दोनदा वाचला. "आता सोमवारी बसला नाय यायचं ना मला?"

"खिडकीची सीट गेली आमची," फिटर म्हणाला.

ती घाईने निघाली. वालाची बेणणी राहिली होती.

वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा मी पुन्हा गेलो, या वेळी तिकीट काढून. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि फाटकापाशी पुण्याहून आलेले आठ शिक्षक रांगेत उभे होते. ती त्यांना खुणा शिकवत होती. मूठ वर, बंद. तळवा खाली, सावकाश. दोन बोटं, बघ. एका बाईंनी विचारलं, ही वनखात्याची पद्धत आहे का.

"नाय, धाटावची," ती म्हणाली आणि मूठ वर केली. आठही जण गप्प झाले. नाक धरून हात उंच करायची खूण मात्र तिने त्यांना शिकवली नाही.