वगळलेलं रीडिंग

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळांमधले नाजूक काटे बरोबर तोलतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम, म्हणून दारावरच्या पहारेकऱ्यांनी हे नाव पाडलं आणि मग घरीही तेच रूढ झालं. हातात मखमली खणांची पेटी, तीत चकचकीत वजनं. त्यांना ते उघड्या बोटांनी कधी शिवायचे नाहीत. बोटाच्या घामानंही वजन बदलतं म्हणे. एवढा जपणारा माणूस काळजी करायलाच जन्माला आलेला असतो.

आणि आता काळजीला कारणही मिळालं होतं. त्यांच्या एकुलत्या लेकीला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक संगणकाच्या शाखेत, दुसरा मातीतल्या जीवाणूंच्या अभ्यासाला. तिचा सगळा जीव मातीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक जागा पक्की करायची, म्हणजे दुसरी आपोआप जाणार होती.

"जीवाणूंचा अभ्यास करणाऱ्याला नोकरी कोण देतं गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? रोज शास्त्रज्ञांच्या दारात असता. तिथं विचारा की."

हे त्यांना एकदम पटलं. एका रीडिंगवर विसंबायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवायचं, आकड्यांचा मेळ बघायचा. एखादा आकडा भलतीकडेच गेला, तर कुणाचा तरी टेबलाला धक्का लागला असेल असं धरून तो सोडून द्यायचा. मग काय, काटे तपासता तपासता साहेबांनी माणसं तोलायला घेतली.

औषधांच्या कारखान्यातले रसायनतज्ज्ञ म्हणाले, "आमच्यात काही राम राहिला नाही. पोरीला संगणकाला घाला." संगणकवाल्या कंपनीतला तरुण इंजिनिअर रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माणसं गेल्या महिन्यात घरी गेली, काका. औषधांकडे पाठवा, आजारपणाला मरण नाही." दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असे. ज्याला विचारावं तो स्वतःच्या डोंगरावरून खाली उतरायची वाट शोधत होता. साहेबांची भूक गेली. रस्त्यात पाटीवर 'भरती' असा शब्द दिसला तरी ते थांबून वाचायला लागले.

शेवटी ते माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मुख्य बाई ॲप्रनला हात पुसत आल्या. साहेबांनी काटा बाजूला ठेवून आधी लेकीचंच विचारलं.

"पगार बेताचा," बाई म्हणाल्या. "सुरुवातीची वर्षं करारावर जातात, पुढे ठेवतील की नाही म्हणून जीव टांगणीला लागतो. खोटं कशाला सांगू? पण मला अजूनही सकाळी उठून इथं यावंसं वाटतं. तिला आवड असेल तर बिनधास्त पाठवा."

जिना उतरेपर्यंत साहेबांनी निकाल लावून टाकला. बाकी सगळे रडतायत आणि ही एकटीच हसतेय, म्हणजे कुठेतरी धक्का लागला असणार. बाईंचं नशीब जोरावर असेल. हे रीडिंग धरायचं नाही.

घरी जेवताना त्यांनी बाकीच्यांचं बोलणं तिखटमीठ लावून सांगितलं, बाईंचं तेवढं गिळून टाकलं. लेक मान खाली घालून ऐकत राहिली. मग तिनं विचारणंच सोडलं, मातीबद्दल बोलणंही सोडलं. पोर शहाणी होतेय असं साहेबांना वाटलं.

शुक्रवारी दुपारी ती संगणक उघडून बसली. पडद्यावर दोन्ही शाखांची नावं होती. साहेब खुर्चीमागे उभे होते, आई दारात.

"बाबा, इतक्या लोकांना विचारलंत. एकजणही म्हणालं नाही का, हिला येऊ दे म्हणून?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यात या माणसानं चुकीच्या आकड्याखाली कधी सही केली नव्हती, आता खोटं बोलायला जीभ वळेना.

"म्हणाल्या एक बाई," ते पुटपुटले, आणि मग सगळंच सांगितलं. बेताचा पगार, करार, टांगणीला लागलेला जीव, आणि सकाळी उठून यावंसं वाटणंही.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली गं. अजूनही वाटते. आम्ही नसू तेव्हा तुझं कसं होणार, हे डोक्यातून जातच नाही."

लेक खुर्चीतच वळली. तिचे डोळे भरले होते. "भीती वाटते होय? मला वाटलं, माझ्यावर भरवसा नाही तुमचा. मला जमणारच नाही, असं ठरवून टाकलंत वाटलं."

साहेबांनी जोरात मान हलवली, नाही नाही म्हणून.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "तुमच्याहून जास्त. पण सांगणार कुणाला? तुम्ही आधीच घाबरलेले."

"मला सांग," साहेब म्हणाले. "घाबरायचं ते दोघांनी मिळून घाबरू."

तिनं डोळे पुसले आणि मातीवालं नाव पक्कं केलं. साहेबांनी दुसरी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले.