भायांवरचा दावा

मालक वारले त्याच साली भायांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, माझ्या शेताची गाडीवाट बोराटीचे काटे टाकून बंद केली. हळद काढायला आलेली. गाडी आत जाईना, मग हळद काय डोक्यावर वाहू? वाट गेली की शेतही जाणार, हे न कळायला मी काय कुकुलं बाळ होते? अस्सा संताप आला! चुलत जावेला सोबत घेतलं आणि आमच्या गोरेगाव खेड्यातून थेट हिंगोलीची अदालत गाठली.

राज्य निजामाचं, दावा उर्दूत लिहावा लागे. लिंबाखाली अर्जनवीस बसायचे. शेत कोणतं, चहूबाजूंनी कोण, वाट कधीपासूनची, सगळं त्यांनी विचारलं आणि मी धडाधड सांगितलं.

"दावा कोणावर?"

"भायांवर."

"नाव सांगा, बाई."

झालं! भायाचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. जावेकडं बघितलं, तर तिनं पदर तोंडात धरलेला. तीही त्याच घरची धाकटी सून! दोघी शहाण्या एवढ्या लांब आलो, पण नाव घेणारं माणूस आणायचं सुचलं न्हाई.

"भांडायला आलात ना? मग लाज कसली?"

"भांडण वाटेचं हाय. नाव काहून घेऊ?"

"नावाबिगर दावा होत न्हाई," म्हणत त्यांनी कलम खाली ठेवली. मला रडूच कोसळलं.

मागं कुणीतरी खाकरलं. भायाच! बाजाराला आलेले, केव्हाचे ऐकत उभे होते. मी पदर ओढून पाठ फिरवली. त्यांनी अर्जनविसाला आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाले, "तिला सांगा, काटे आजच काढतो. चुकलं माझं."

हुश्श! जीव भांड्यात पडला. मी जावेला म्हणाले, "चल बाई, कशाला हवा आता दावा!"

"बस म्हणावं तिला," भाया म्हणाले. "दावा होऊ द्या, मी कबुली देतो. माझ्या मागं माझ्या पोरांचा भरवसा न्हाई."

दावा लागला, भायांनी अदालतीत कबुली दिली, वाटेचा निकाल माझ्या हाती आला. हळद गाडीनं घरी आली.

पुढं भाया गेले आणि पोरं खरंच बोराटी ओढत वाटेवर आली. मी निकाल पुढं केला. उर्दू शिकलेल्या थोरल्यानं त्यातलं बापाचं नाव मोठ्यानं वाचलं, कबुली वाचली. बोराटी ओढत माघारी गेला.