अप्पा बकेटमध्ये का बसतात

माती उचलायचे जुने लोडर घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या टोळक्यात राहिलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते ग्रीससारखे कपड्याला लागतात आणि धुतले तरी जात नाहीत! आमच्या लातूरच्या अड्ड्यावर चहा आला की कुणीतरी म्हणणारच, "अप्पांचा तो सांग रे!"

अप्पा म्हणजे वीरभद्रअप्पा. जुना लोडर घ्यायचा तर नांदेडपासून उदगीरपर्यंतचे लोक आधी अप्पांना दाखवतात. मी त्यांचा मेकॅनिक, ड्रायव्हर आणि शिव्या खाणारा हक्काचा माणूस.

*

रेणापूरला एक मालक म्हणाला, "सकाळपासून हात लावला न्हाई मशीनला, अप्पा. आत्ता बघा, एका सेल्फला उठतंय!"

अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"मग ताप आलाय का हिला? डॉक्टर बोलवा!"

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही तिथंच ठिय्या मारला. मालकाला चहा पाजावा लागला, जेवण द्यावं लागलं. मग मशीन चालू केलं तर असला काळा धूर निघाला की शेजारच्या कोंबड्या पळाल्या! निघताना अप्पा एवढंच म्हणाले, "भाजी लई झकास होती."

*

उदगीरचा मालक त्याहून भारी. मशीन पिवळंधमक! अप्पांना नव्या रंगाचा भयंकर राग. रंगाखाली वेल्डिंग झाकतात म्हणून.

"रंग कधी दिला?"

"कंपनीचाच हाय, अप्पा. खोटं कशाला बोलू?"

अप्पा मशीनला टेकून उभे होते. ते नुसते वळले आणि आपल्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ त्याला दाखवली!

*

आता बकेटचं सांगतो. अप्पांचं बघणं ठरलेलं. मशीनच्या पुढचं माती भरायचं बकेट वर उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि बघत राहायचं. आपोआप खाली यायला लागलं तर हायड्रॉलिक गेलं. मग पिना हलवून बघायच्या. शेवटी बकेट जमिनीवर टेकवायला सांगायचं आणि त्यात जाऊन बसायचं. मग, "चला."

नांदेडच्या एजंटांना वाटलं, खरी गोम हीच! झालं, तिकडं जो तो बकेटमध्ये बसून राहिला. एक तर डोळे मिटून गिऱ्हाइकाला सांगत होता, "बसल्याशिवाय कळत न्हाई हो, पत्रा किती झिजला ते!"

मी हे अप्पांना सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबलं तरी ते डोळे पुसतच होते.

*

कारण मला माहीत होतं. अप्पांचा पहिला लोडर ते स्वतः चालवायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दुपारी साइटवर डबा घेऊन यायच्या. माळावर बसायला जागा कुठली? बकेट टेकवायचं आणि दोघांनी त्यात बसून जेवायचं. पिशवीला मुंग्या लागतात म्हणून काकूंनी भांडून बकेट उचलणाऱ्या आर्मला खालून एक हूक वेल्डिंग करून घेतला होता.

काकू आजारी पडल्या तेव्हा तो लोडर विकला. पुढं काकू गेल्या, आणि लोडर या हातातून त्या हातात कुठं गेला, पत्ता नाही. तेव्हापासून मशीन कुणाचंही असो, अप्पा त्या हुकासाठी आर्मखाली हात फिरवणारच. मला लई वाईट वाटायचं.

"सापडलं तर काय करणार, अप्पा?"

"बसंन," म्हणाले.

*

किल्लारीला एका मशीनच्या आर्मखाली अप्पांचा हात थांबला. हूक होता! अप्पा वाकून बघत राहिले, मग सरळ झाले.

"आमचा उजव्या अंगाला होता."

येताना मी दोन खड्डे दणकून घेतले, तरी त्यांनी एक शिवी दिली नाही. मला करमेना.

*

आणि हा बिलोलीचा. सोबत गिऱ्हाईक होतं, गंगाधर. मशीन म्हणजे नुसता खुळखुळा. पिना वाजून राहिल्या, धूर तर विचारू नका. अप्पांनी उजव्या आर्मखाली हात घातला आणि तो तिथंच राहिला. नखानं रंग खरवडला. पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा पिवळा. हूक तोच.

"घेऊ का, अप्पा?" गंगाधरनं विचारलं.

"तू न्हाई घ्यायचं. इंजन दमलंय, हायड्रॉलिक गेलंय." मग मालकाकडं वळून म्हणाले, "मला दे."

मालक चाटच पडला. "आत्ता तर नावं ठेवली की!"

"हाव. खरं तेच बोललो."

बकेट खाली घ्यायला सांगावंच लागलं नाही, ते बोलता बोलता आपणहून खाली आलं होतं. अप्पांनी आमच्या गाडीतनं डब्याची पिशवी आणली, हुकाला अडकवली आणि बकेटमध्ये जाऊन बसले, एका कडेला.

मलाही भूक लागली होती. मी त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसायला गेलो, तर अप्पांनी तिथं तळवा टेकवला.

"तिथं नको, दिलीप. तू खाली बस."