ऑपरेशननंतरची लेक

बारामतीहून इंदापूरला जाताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवरच्या लहान लेकीला संत्र्याची फोड सोलून, बी काढून भरवत होता.

"पहिलीच का?" मी विचारलं.

"न्हाय, तिसरी. माझ्या ऑपरेशननंतरची," तो मोठ्यानं म्हणाला. पुढच्या बाकावरचे वळून बघू लागले, तरी त्याला संकोच वाटला नाही.

त्याची नसबंदी झाल्यावरही बायकोला दिवस गेले, तेव्हा त्याच्या गावात, अंथुर्ण्यात, कुजबुज सुरू झाली. घरचेही तिच्याकडं संशयानं बघू लागले. मग त्यानं दवाखान्यात तपासून घेतलं. ऑपरेशन फसलं होतं.

"तेव्हा बायकोला धीर आला असेल," मी म्हणालो.

"तपासायच्या आधीच मी तिला म्हणलं हुतं, खोट माझ्या टाक्यात आसंल, तुझ्यात न्हाय."

"आणि आता?"

"घरचे म्हणले, आता हिचं ऑपरेशन करा. मी म्हणलं, तिनं बाळंतपण सोसलंय. फसलंय माझं, तर नीट बी मीच करनार. केलं की पुन्यांदा!"

अंथुर्ण्याच्या थांब्यावर त्याची बायको उभी होती. लेकीला खांद्यावर घेऊन तो उतरला आणि दोघं हसत, बोलत गावात निघाली. तपासणी झालीच नसती, तरी ती दोघं अशीच गेली असती, असं मला वाटलं.