अप्पांच्या बाजूची काच

या ग्रुपवरचे चमत्कारिक अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसतो. जळकोटला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळतोय. माझं डोकं सरळ चालतं — करंट आला तर वस्तू चालते, नाही आला तर नाही चालत. मधलं काही नसतं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याचं बायकोला फार हसू येतंय. येऊ दे.

आमच्याकडे एक जुनी परदेशी बनावटीची जीप आहे. माझे वडील, म्हणजे अप्पा, यांनी ती एका कंत्राटदाराकडून घेतली. तो आधी हिमाचलात कामाला होता, म्हणून गाडीला तिकडच्या सोयी. त्यातली एक म्हणजे गरम होणारी पुढची काच. काचेच्या आत केसापेक्षा बारीक तारा असतात, बटण दाबलं की काच तापते आणि वरचा बर्फ वितळतो. आता तुम्हीच सांगा, जळकोटला बर्फ! इथे मे महिन्यात स्टीअरिंगला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. त्यात ती काचही अर्धवट बिघडलेली. ड्रायव्हरची बाजू थंडगार, डावीकडची तेवढी तापायची. डावीकडे कायम अप्पा बसायचे.

अडीच वर्षांपूर्वी काचबिंदूने अप्पांची नजर गेली. दिवस आहे की रात्र, एवढंच कळायचं. गेलेली नजर परत येत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अप्पा "बरं" म्हणाले आणि घरी येऊन खाटेवर बसले ते बसलेच. चाळीस वर्षं बी-बियाणांच्या धंद्यात गावोगाव हिंडलेला माणूस. चार-चार दिवस बोलेना. आम्हाला ते बघवत नव्हतं.

त्या डिसेंबरात धर्माबादला नातेवाइकांची वास्तुशांती होती. अप्पांना बळेच गाडीत घातलं. सकाळी धुकं लागलं, म्हणून मी ते बटण दाबलं. बऱ्याच वेळाने अप्पा म्हणाले, "शिवा, म्होरच्या टेंपोला हिरवी बादली लटकायलीय बघ. बूड फुटलंय तिचं."

मी बघितलं. टेंपो होता. हिरवी बादली होती. बूड फुटलेलं होतं.

मी गाडी बाजूला घेतली... त्यांच्या तोंडासमोर हात धरला, किती बोटं विचारलं. "कुठाय हात?" म्हणाले. बाजूची खिडकी उघडून विचारलं — तिकडचं काही दिसेना. मग बटण बंद केलं. काच गार होत गेली तसे अप्पा म्हणाले, "गेलं की रं." पुन्हा चालू केलं, पुन्हा दिसलं. फक्त त्या काचेतून, फक्त बाहेरचं, आणि काच गरम असली तरच. मी इलेक्ट्रिकचा माणूस असल्यामुळे उलट खूश झालो. करंट आहे ना? मग कारणही असेलच, सापडेल सवडीने.

तेव्हापासून दर रविवारी आमची फेरी. कुणाच्या रानात तूर कशी आहे, कुणी नवीन पत्रे टाकलेत, सगळं अप्पा सांगायचे आणि मी हो-हो म्हणायचो. घरी आल्यावर ते सगळं परत आईला सांगायचे. आईला आम्ही अव्वा म्हणतो. "डोळ्यात काचबिंदू अन् दिसतंय काचेतून," म्हणून ती चेष्टा करायची, पण रविवारी सकाळी त्यांचं धोतर तीच काढून ठेवायची.

पुढे जे झालं ती चूक माझी. यंदा भर एप्रिलमध्ये अप्पांसाठी बटण तासभर चालू, आणि घरी आल्या आल्या मी गाडी धुवायला घेतली. तापलेल्या काचेवर बादलीभर पाणी ओतलं. टक्क असा आवाज झाला. तडा आधी बोटभर होता, पावसाळ्यापर्यंत सरकत सरकत माझ्या डोळ्यांसमोर आला. एकदा एक सायकलवाला त्या तड्याआड असा लपला, की थोडक्यात वाचला. मी घरी काही बोललो नाही. अप्पांनीच विषय काढला.

"बदल ती काच. माझ्या बघण्यापायी कुणाचा जीव जायला नको."

"तशी तारांची कुठं मिळंना अप्पा. पुण्या-मुंबईला फोन करून झाले."

"मग साधी बसव."

नांदेडला रशीदभाई म्हणून काच बसवणारे म्हातारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी तारा बघितल्या आणि मान हलवली. "काच गार करणारं बटण आणा भाऊ, धा गिऱ्हाइकं मी देतो. गरमीची इथं काय कमी हाय?" वायपर काढले, रबर सैल केलं आणि जुनी काच सबंध बाहेर आली. नव्या काचेला रबर चढवून त्याच्या खाचेत सुतळी घातली, साबणाचं पाणी मारलं. बाहेरून हाताखालच्या पोराने दाबून धरायचं आणि रशीदभाईंनी आतून सुतळी ओढत न्यायची, की रबराची कड चौकटीवर आपोआप चढते. हात असा सफाईचा की बघत राहावं. जुन्या काचेला जाणाऱ्या तारांची उघडी टोकं मात्र मी स्वतः टेप लावून बंद केली. तिथे आता करंट नाही, याची ग्वाही मी देतो.

अप्पा चढून आपल्या जागेवर बसले. मी विचारलं, "दिसायलंय का?"

"न्हाई."

अप्पांनी माझा गुडघा थोपटला. "गाडी झाली ना चांगली? चल." आणि मी, पन्नाशीचा माणूस, रशीदभाईंसमोर डोळे पुसले. लाज वाटली नाही.

परतताना लोह्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूची वाहनं थांबवली होती. आमच्या अगदी पुढ्यात काळ्या ताडपत्रीचा ट्रक. उजवीकडून कलतं ऊन थेट माझ्या तोंडावर. मी इंजिन बंद केलं. अप्पा समोर बघत होते.

"शिवा, मिशी कधी काढलीस रं?"

मिशी पिकायला लागली म्हणून मी वर्षापूर्वी काढून टाकली होती. अप्पांची नजर त्याच्या कितीतरी आधी गेलेली, आणि मुद्दाम सांगावी अशी ती बातमी नव्हती.

"कोण सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? काचेत समोर बसलायस की."

मी बघितलं. पुढे सगळं काळं, त्यामुळे नव्या काचेत आम्हा दोघांचं प्रतिबिंब पडलं होतं. तरी खात्री करावी म्हणून मी हळूच जीभ बाहेर काढली.

"वय काय, करायलास काय," अप्पा म्हणाले.

"रस्ता दिसायलाय का?"

"रस्ता न्हाई. तू दिसायलास. लई पिकलास की रं." आणि ते हसले. मग ट्रक हलला, काचेत उजेड भरला, आणि ते म्हणाले, "गेलं."

पुढे कितीतरी वेळा बघून झालं. काळं काही समोर असलं आणि ऊन नीट पडलं, की काचेत बसलेला माणूस अप्पांना दिसतो. बाहेरचं काही नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच सांगितलं — दिसणं शक्य नाही. काचेत प्रतिबिंब का पडतं ते शाळेतलं पोरगंही सांगेल, पण या डोळ्यांना ते कसं दिसतं? तार नाही, करंट नाही, माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही.

गेल्या रविवारी दुकानामागच्या भिंतीवर काळी ताडपत्री बांधली, जीप तिच्यासमोर उभी केली आणि ड्रायव्हरच्या सीटवर अव्वाला बसवलं. तिने जन्मात स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, पदर चारदा सारखा केला. अप्पा काचेकडे बघत राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली... मीच उगाच इकडेतिकडे बघायला लागलो. शेवटी अव्वाला राहवेना.

"दिसायलीय का म्या?"

"गप बस," अप्पा म्हणाले. "बोलली की हालायलीस."